हिरवं पेन कसं चालतं

“मग माझं उत्तर चुकलं कुठे, ते तरी सांगा.”

“चुकलेलं नाही,” बुवा म्हणाले. “खोटं आहे, एवढंच.”

“खोटं कसं? मी स्वतः लिहून बघितलं. पेन खरखरतं.”

“खरखरतं.”

“सुरुवातीला शाई उतरत नाही.”

“उतरत नाही.”

“मग?”

बुवांनी सुपातल्या तांदळातून एक खडा उचलला, उजेडात धरून बघितला आणि अंगणात टाकला.

“उद्या परत चालवून बघ,” ते म्हणाले.

श्रीरंग तसाच उभा राहिला. एका हातात ते हिरवं पेन, दुसऱ्या हातात रेघोट्यांनी भरलेला कागद.

मी गोदाक्का. बोरखिंडच्या मठात स्वयंपाक माझ्याकडे. मठ म्हणजे काय, चार खोल्या, एक पडवी, एक समाधी आणि माझी चूल. चुलीमागची खिडकी पडवीत उघडते. त्यामुळे नागनाथबुवा कुणाला काय सांगतात ते ऐकायला मला जावं लागत नाही. फोडणी देता देता ऐकू येतं.

श्रीरंग देवस्थळी पुण्याचा. अक्षरं काढायची हा त्याचा धंदा. पुस्तकांवरची नावं, लग्नपत्रिका, मोठ्या मोठ्या कंपन्यांच्या पाट्या. त्याचा शब्द ‘सुलेखन’. वर्तमानपत्रात फोटो आला होता, तो त्यानं मला मोबाइलवर दाखवला. खाली छापलं होतं, ‘कुणाकडेही न शिकता’. अक्षर मात्र देखणं, खोटं कशाला बोलू.

पहिले काही दिवस मी त्याला अहोजाहो केलं. मग तो स्वतःचं ताट स्वतः घासायला लागला आणि मी अरेतुरेवर आले.

तो आला होता अनुग्रहासाठी. म्हणजे गुरूनं जवळ बसवायचं, कानात नाम द्यायचं आणि हा आपला म्हणायचं. आमच्या मठात त्याआधी एक प्रश्न विचारतात.

“आधी कुणाकडून काही घेतलंयस का?”

ज्यानं घेतलंय त्यानं आधी तिकडं जाऊन यायचं. त्यांचा होकार घ्यायचा, मग इथं बसायचं. जुनी रीत आहे, बुवांनी काढलेली नाही. मागं एक तबलजी आला होता, त्याला बुवांनी उंबऱ्यावरूनच मिरजेला त्याच्या उस्तादांकडं परत धाडला होता. बिचारा जेवलाही नव्हता.

श्रीरंगला विचारलं तेव्हा त्यानं क्षणाचाही वेळ घेतला नाही.

“कुणाकडून काही नाही. मी माझा शिकलो.”

“बरं,” बुवा म्हणाले. “मग इथं कशाला आलास?”

तेव्हा मात्र त्यानं वेळ घेतला…

“वर्ष झालं बुवा, एक शब्द मनासारखा उतरला नाही. लोक वाहवा करतात. मला माझं अक्षर बघवत नाही. हात चालतो, पण आत काही नाही. भीती वाटते.”

बुवांनी त्याच्याकडं नीट बघितलं. मीही खिडकीतून बघितलं. माणूस खरं बोलत होता. नाटकी असता तर मी त्याच रात्री आमटी पातळ केली असती.

त्यानं बुवांना भेट म्हणून एक पेन आणलं होतं. काळं, गुळगुळीत, मखमलीच्या डबीत. बुवांनी ते घेतलं, कौतुक केलं आणि खिडकीतून मला दिलं.

“गोदे, हे तुला घे. तुझं हिरवं इकडं दे.”

माझं हिरवं पेन मंगळवारच्या बाजारात ढिगातून उचललेलं. प्लॅस्टिकचं, शाईचं. क्लिपवरचं सोनं दुसऱ्याच दिवशी माझ्या बोटाला लागून गेलं. मी त्यानं डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहायचे, हळद, धणे, साबुदाणा.

श्रीरंगचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

“गोदाक्का, एक सांगू?” तो म्हणाला. “ते काळं पेन आता दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. शाईच्या पेनाची निब लिहिणाऱ्याच्या हाताला बसते. दुसऱ्यानं धरलं की बिघडते.”

“मग तुम्ही बुवांना कसं दिलंत?”

“ते नवं होतं.”

त्याच्या स्वतःच्या पेनांची एक चामड्याची पिशवी होती. तिला तो कुणाला हात लावू देत नसे. एकदा तिच्यावर ऊन आलं म्हणून मी ती सावलीत सरकवली, तर जेवण अर्धं टाकून उठला आणि एकेक पेन काढून बघत बसला.

बुवांनी हिरवं पेन त्याच्या हातात ठेवलं.

“हे कसं चालतं ते सांग. खरं उत्तर आलं की पुढच्या गुरुवारी बसू.”

“फक्त एवढंच?” श्रीरंग हसला.

“एवढंच.”

त्याला वाटलं, काम झालं. मलाही तसंच वाटलं. पेनातलं ज्याला कळतं त्याला पेनाचीच परीक्षा, म्हणजे माशाला पोहायला सांगण्यातला प्रकार.

त्यानं आधी निब धुतली. फडक्यानं पुसली. शाई भरली, टोक बोटानं चाचपलं, मग ऐटीत मांडी घालून सही केली. केवढी सही ती, ‘श्री’ची वेलांटी फिरून पार ‘ळी’च्या खाली जाऊन आली. मग पानभर सह्या केल्या. पेन नुसतं धावत होतं.

“उत्तम चालतं,” त्यानं सांगितलं. “किमतीच्या मानानं तर फारच.”

“खोटं,” बुवा म्हणाले.

“का?”

“तुझी सही तू काडीनंही करशील. त्यात पेनाला काय काम पडलं?”

त्याला हे पटलं. पटलं म्हणजे, अपमान झाल्यासारखा पटला. मग त्यानं शहाण्या माणसाची परीक्षा घेतली. आडव्या रेघा, उभ्या रेघा, आठाचे आकडे, सावकाश, भराभर. टोपण काढून पेन तसंच ठेवलं, कधी सुकतं ते बघितलं. निब उलटी धरून लिहिलं. आणि येऊन सांगितलं, पेन सुमार आहे, उभ्या रेघेत खरखरतं, सुरुवातीला शाई उतरत नाही.

त्यावर बुवांनी काय सांगितलं ते तुम्ही वर ऐकलंच.

दुसऱ्या दिवशी त्यानं चामड्याची पिशवी उघडली. स्वतःच्या चांगल्यातल्या चांगल्या पेनानं एक ओळ लिहिली, तीच ओळ खाली हिरव्यानं लिहिली. कागद बुवांसमोर ठेवला. आंधळ्यालाही फरक कळला असता.

“हे पेन टाकाऊ आहे,” तो म्हणाला. “हे माझं अखेरचं उत्तर.”

“हेही खोटं.”

श्रीरंगनं पेन पडवीच्या कठड्यावर ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं. पण आपटल्याचाच आवाज आला.

“बुवा, माफ करा, पण उत्तम म्हटलं तर खोटं, सुमार म्हटलं तर खोटं, टाकाऊ म्हटलं तरी खोटं. चौथं काय उरतं? तुम्हाला मला अनुग्रह द्यायचाच नसेल तर सरळ सांगा. मी जातो.”

“जा की,” बुवा म्हणाले. “पण जेवून जा. गोदीनं पावटा केलाय.”

तो जेवला. पावटा दोनदा मागून घेतला. आणि गेला नाही.

जेवणं झाल्यावर मी रात्रीच्या… नाही, खोटं नको, दुपारच्याच उरलेल्या पिठाच्या भाकरी थापत होते. मठात राहणाऱ्यांना संध्याकाळी लागतात. पडवीत दोघंच. समाधीपुढच्या बकुळीवर चिमण्यांचं भांडण चाललं होतं.

मग बुवांनी हात पुढं केला.

“आण ते पेन. मी चालवून दाखवतो.”

श्रीरंगनं पेन दिलं. स्वतःचं असतं तर दिलं नसतं.

बुवांनी त्याच्याच कागदाची कोरी बाजू पुढं घेतली. बुवांचं अक्षर म्हणजे बैल उधळल्यासारखं, एक इकडं, एक तिकडं. त्यांनी लिहिलं, ‘तुळजामाय’.

“यांनी मला नाम दिलं,” ते म्हणाले.

त्याखाली लिहिलं, ‘दगडू कोळी’.

“यानं पोहायला शिकवलं. विहिरीत ढकलून दिलं आणि वर बिडी ओढत बसला.”

त्याखाली, ‘पवार मास्तर’.

“बाराखडी. माझं अक्षर असं आहे यात त्यांचा दोष नाही.”

त्याखाली, ‘गोदा’.

मी भाकरी तव्यावर टाकली आणि खिडकीशी आले.

“मी तुम्हाला काय शिकवलं?”

“गप्प बसायला,” बुवा म्हणाले. “तू बोलत असलीस की दुसरं काय करणार?”

श्रीरंग हसला. कितीतरी दिवसांनी मोकळा हसला. मी रागावल्यासारखं केलं, पण माझं नाव त्या कागदावर आलं म्हणून मला फार बरं वाटलं होतं. अजून वाटतं.

“आमच्या मठात पेन असं चालवून बघतात,” बुवा म्हणाले. “ज्यानं कुणी काही शिकवलं त्याचं नाव लिहायचं. आपलं लिहायचं नाही. आपलं नाव लिहिताना कुठलंही पेन बरंच वाटतं.”

“हे आधी सांगायचं होतंत.”

“तू विचारलं नाहीस. तुला पेनातलं कळतं ना.”

श्रीरंगनं तो नावांचा कागद जवळ ओढून वाचला.

“घे,” बुवा म्हणाले. “तू अक्षरं काढतोस. अक्षर काढायला ज्यानं शिकवलं त्याचं नाव लिही.”

“सांगितलं ना बुवा, कुणी नाही.”

“बरं. पण पेन तर धर.”

त्यानं पेन धरलं. पाठ सरळ केली. नवा कागद घेतला आणि, पट्टी नाही, काही नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ ओढली. दोरीत ओवल्यासारखी सरळ. ती बघून मीसुद्धा म्हटलं, वा.

मग तो थांबला.

रेघेखाली काहीच नव्हतं. पाखरं उडून गेलेल्या तारेसारखी ती कागदावर नुसती होती.

“लिही की,” बुवा म्हणाले.

“काय लिहू?”

“मग रेघ कशाला ओढलीस?”

“सवय आहे. मी रेघ आधी ओढतो, अक्षरं मागून.”

“आल्या दिवसापासून बघतोय मी. शाळेत तर अक्षरं आधी काढायला लावतात. शब्द पुरा झाला की वरून रेघ.”

“हो.”

“मग तुला रेघ आधी ओढायला कुणी लावलं?”

…

मीही ते पहिल्या दिवशीच बघितलं होतं. मला वाटलं, पुण्याकडची नवी पद्धत असेल.

श्रीरंगचा हात कागदावर तसाच होता. पेनाचं टोक रेघेखाली, कागदापासून तांदळाएवढं वर. ते खाली येईना आणि वरही जाईना.

“पेन सुकलं,” तो म्हणाला.

“असेल.”

“ही स्वस्तातली पेनं अशीच. जरा थांबलं की सुकतात.”

“तू का थांबलास?”

…

“ते पाट्या रंगवायचे,” श्रीरंग म्हणाला. आवाज एवढा लहान की मी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, चरचर थांबावी म्हणून.

“कुठं?”

“कराडला. आमचं घर तेव्हा तिथं होतं. मी कॉलेजात होतो. त्यांच्या दुकानापुढं जाऊन उभा राहायचो. एक दिवस म्हणाले, नुसता बघतोस काय, हा धर.”

“काय धर?” मी खिडकीतून विचारलं. मला राहवलं नाही.

“ब्रश. त्यांचा स्वतःचा. त्यांच्या हाताला झिजलेला. तो ते कुणाला देत नसत, पोटच्या मुलालाही नाही. मला दिला.”

बुवा ऐकत होते. सूप त्यांनी बाजूला ठेवलं होतं.

“सुतळीला खडू लावून आधी रेघ मारायची. मग तिला अक्षरं टांगायची, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी, एकेक, मधलं अंतर बघून. कॉलेज संपेपर्यंत मी तेच केलं. माझ्या हातात आज जे काही आहे ते…”

तो थांबला.

“आहेत?” बुवांनी विचारलं.

“आहेत. फ्लेक्स आले, तसा धंदा बसला. दुकानाच्या जागी मोबाइलवाला आलाय. मध्यंतरी कराडच्या स्टँडवर भेटले. लांबून हाक मारली मला. माझ्या नावानं, पहिल्यासारखीच. माझ्याबरोबर मुंबईचे एक प्रकाशक होते. त्यांनी विचारलं, हे कोण?”

“मग?”

“मी म्हटलं, गावातले एक पेंटर आहेत.”

“त्यांनी ऐकलं?”

“शेजारीच उभे होते, बुवा.”

तव्यावरची भाकरी करपली. करपू दे म्हटलं. मला त्या न बघितलेल्या म्हाताऱ्याचं वाईट वाटलं आणि या समोरच्याचंही वाटलं. दोघांचं सारखंच वाटलं, हे जरा विचित्र होतं.

“काही म्हणाले ते?”

“म्हणाले, मोठा हो. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेले.”

“त्यांची लाज वाटली होती तुला?”

“तेव्हा त्यांची वाटली.” श्रीरंगनं मान वर केली. डोळे भरले होते, पण नजर चोरत नव्हता. “आता माझी वाटते.”

बुवांनी ना समजूत काढली, ना दोष दिला. मी असते तर दोन्ही केलं असतं.

“नाव लिही,” ते म्हणाले. “शाई वाळतेय.”

श्रीरंगनं पेन कागदाला टेकवलं. काही उमटलं नाही. एरवी त्यानं उठून निब धुतली असती, फडकं शोधलं असतं. त्यानं ती आपल्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीला पुसली. निळा डाग पडला. तो अजून आहे, पुढं मी किती घासला तरी गेला नाही.

मग त्यानं लिहिलं.

‘उस्ताद इस्माईल तांबोळी.’

त्याच्या नेहमीच्या अक्षरासारखं ते अक्षर नव्हतं. वेलांटी कुठं फिरून आली नाही, उकार कुठं लांबला नाही. जाड, सरळ, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल असं. बाजारपेठेत दुकानावर असायचं तसं.

रेघ थोडी उरली होती.

“हिचं काय करायचं?” बुवांनी विचारलं.

श्रीरंगनं उरलेल्या रेघेखाली, अगदी कोपऱ्यात, बारीक लिहिलं, ‘पेंटर, कराड’.

“पाटीच्या कोपऱ्यात ते असंच घालायचे,” तो म्हणाला.

तो त्या कागदाकडं बघत राहिला. चुलीवर हात शेकावेत तसे दोन्ही तळवे त्यानं कागदाच्या दोन बाजूंना ठेवले होते. मला वाटतं, वर्षभरात त्याला पहिल्यांदाच स्वतःचं अक्षर बघवत होतं.

“आता सांग,” बुवा म्हणाले. “पेन कसं चालतं?”

श्रीरंग खाली वाकला. बारकाईनं बघितलं त्यानं, धंद्यातल्या माणसासारखं.

“इथं ‘स्मा’पाशी शाई तुटलीय. ‘ळी’पाशी खरखरलेलं दिसतंय, कागद थोडा सोललाय…” त्यानं बोट फिरवलं. “पण लिहिताना मला हे काही कळलं नाही, बुवा. खरं सांगायचं तर पेन कसं चालतं ते मला माहीत नाही. लक्षच नव्हतं पेनाकडे.”

“हे खरं,” बुवा म्हणाले.

श्रीरंगचा चेहरा उजळला. लहान मुलाला पहिला नंबर सांगावा तसा. मलाही आनंद झाला. मी मनात गुरुवारच्या शिऱ्याला रवा किती लागेल ते बघायला लागले.

“मग गुरुवारी बसायचं?”

बुवांनी तो कागद दोन्ही हातांनी उचलला. कपाळाला लावला. इतक्या वर्षांत मी त्यांना समाधीवरच्या फुलांशिवाय दुसरं काही असं कपाळाला लावताना बघितलं नव्हतं. श्रीरंगनंही बघितलं.

बुवांनी कागद खाली ठेवला.

“आधी कुणाकडून काही घेतलंयस का?”

तोच प्रश्न. त्याच आवाजात, पहिल्या दिवशी विचारला होता तसाच. जणू श्रीरंग आत्ताच उंबऱ्यात उभा राहिला होता.

…

“हो,” श्रीरंग म्हणाला. “घेतलंय.”

एवढंच बोलला. मग उठला. आतल्या खोलीत गेला आणि आपली बॅग भरायला लागला. तो रागावला असेल असं मला वाटलं होतं. पण बॅग भरताना तो काहीतरी गुणगुणत होता. पेनाच्या परीक्षेत पास होऊनही परत जाणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला, आणि तोही खुशीत.

“कराडची गाडी चारला आहे,” मी ओरडून सांगितलं. “थांब, भाकरी बांधून देते. दोन देते. एक त्यांना.”

तो बॅग घेऊन पडवीत आला. बुवांच्या पाया पडला.

“मला ओळख दाखवतील ते?”



“नाही दाखवली तर उभा राहीन,” श्रीरंग स्वतःच म्हणाला. “दुकानापुढं राहायचो तसा. सवय आहे मला.”

हे त्यानं असं सांगितलं की माझी काळजीच गेली.

मग काहीतरी आठवून तो खाली बसला. चामड्याची पिशवी उघडली. त्यातलं सगळ्यात भारी पेन काढलं, ज्यावर ऊनसुद्धा पडू देत नव्हता ते. दोन्ही हातांत धरून बघितलं.

“रिकाम्या हातानं कसा जाऊ? हे त्यांना देतो. माझ्याकडं याच्यापेक्षा चांगलं काही नाही.”

बुवांनी त्याच्या हातातलं पेन घेतलं, पिशवीत परत ठेवलं आणि पिशवी बंद केली. कठड्यावरचं हिरवं पेन उचललं. टोपण लावलं. श्रीरंगच्या सदऱ्याच्या खिशाला अडकवलं.

“हे घेऊन जा,” ते म्हणाले. “त्यांना चालवून बघू दे.”